सोलापूरच्या हवामानात मधमाश्यांच्या वसाहतीचे सिम्युलेशन कितपत विश्वासार्ह ठरेल?

प्रश्न : सांगोल्याची_बाग

नमस्कार. मी सोलापुरात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकतो आणि सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरला की वडील मेलिफेरा (युरोपीय) माश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात आणि दर हंगामात घरात तोच वाद रंगतो : पेट्या किती आणायच्या, आणि फुलकिड्यांसाठी फवारणी करावीच लागली तर त्या हलवायच्या की जागेवरच राहू द्यायच्या. वडिलांचे म्हणणे अनुभवाचे असते आणि काकांचे म्हणणे खर्चाचे. प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा या वादाला आकड्यांचा काही आधार मिळतो का ते पाहावे, या विचाराने मी मधमाश्यांच्या वसाहतीचे सिम्युलेशन हा विषय घेतला आहे.

शोधताना 'बीहेव्ह' नावाचे मॉडेल मिळाले. एक्सेटर विद्यापीठातील मॅथियास बेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले असून 'नेटलोगो' या मोफत सॉफ्टवेअरवर ते चालते. राणीची अंडी, अळ्या, कोष, घरकाम करणाऱ्या माश्या, मधाचा व परागाचा साठा, माश्यांवर जगणारा व्हरोआ कोळी असे सगळे घटक त्यात दिवसागणिक पुढे सरकतात, आणि बाहेर जाणाऱ्या माश्या शंभर-शंभरांच्या गटांनी आसपासच्या फुलांच्या तुकड्यांवर पाठवल्या जातात. मॉडेल माझ्या लॅपटॉपवर चालू झाले आहे. माझा प्रश्न असा, की त्यात सोलापूरचे हवामान आणि आपल्याकडची पिके भरली तर येणारे उत्तर खरे मानता येईल का? एकरी पेट्यांची संख्या त्यातून काढता येईल का? की हे सगळे बाजूला ठेवून स्वतःचेच छोटे मॉडेल लिहिणे योग्य ठरेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त_प्राणिशास्त्र

विषय चांगला निवडला आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि संगणकाशी माझा संबंध बेताचाच आहे, त्यामुळे माश्यांच्या बाजूने जे सांगता येईल तेवढेच सांगतो.

बीहेव्ह हे मॉडेल मेलिफेरा माशीचे आहे आणि ते युरोपातील ऋतुचक्र गृहीत धरून बांधलेले आहे. तिथल्या माशीचा खरा शत्रू हिवाळा. म्हणून त्या मॉडेलमध्ये ३१ डिसेंबरला वसाहतीची मोजणी होते आणि माश्या ४००० पेक्षा कमी भरल्या तर वसाहत मेली असे धरले जाते. सोलापुरात ३१ डिसेंबरला काय परिस्थिती असते, ते तुम्हाला सांगायला नको. करडई फुलायला लागलेली असते, तुरीचा फुलोरा नुकताच उरकलेला असतो, दिवसा ऊन सुखाचे असते आणि पेटी भरत असते. आपल्याकडची कसोटी मार्चनंतर सुरू होते. कडुनिंबाचा मोहोर सरला की पहिला चांगला पाऊस होईपर्यंत माश्यांना बाहेर फारसे काही मिळत नाही, आणि त्याच काळात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे मॉडेलमधला मृत्यूचा महिना आपल्याकडे सुगीचा आणि मॉडेलमधला सुगीचा महिना आपल्याकडे उपासमारीचा. राणीच्या अंडी घालण्याचा आलेखही त्यात वर्षातील दिवसाच्या क्रमांकावर बांधलेला आहे आणि त्याचा माथा युरोपीय उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतो. तुम्ही हवामानाची फाइल बदलली तरी हा आलेख आपोआप बदलणार नाही, तो तुम्हाला हाताने सरकवावा लागेल.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. माश्या दिवसात किती तास बाहेर काम करू शकतात, हे या मॉडेलमध्ये सूर्यप्रकाशाच्या तासांवरून काढतात. अट एवढीच, की त्या दिवसाचे कमाल तापमान १५ अंशांच्या वर असावे. सोलापुरात असा दिवस शोधून सापडणार नाही, ज्या दिवशी ही अट पूर्ण होत नाही. मग मे महिन्यातील लख्ख उन्हाचा प्रत्येक दिवस मॉडेलच्या दृष्टीने कामाचा उत्तम दिवस ठरतो. प्रत्यक्षात मे महिन्यात दुपारी पेटीसमोर उभे राहून पाहा. मध-पराग आणण्याचे काम सकाळी लवकर उरकलेले असते, आणि भर उन्हात ज्या माश्या बाहेर पडतात त्यांतील बऱ्याच पाण्यासाठी पडतात. अंडी-अळ्यांच्या भागातील तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राखावे लागते, त्यासाठी पाणी आणून पंखांनी वारा घालणे हेच त्या वेळी मुख्य काम होऊन बसते. तेव्हा खालच्या मर्यादेबरोबर वरचीही मर्यादा घाला आणि पाण्याच्या कामात गुंतलेल्या माश्या वेगळ्या मोजा.

तिसरे, तुमच्या बागेत भाड्याच्या मेलिफेरा माश्या असतील, पण आग्या आणि फुलोरी माश्या फुकटात येतच असतात; गावातल्या पाण्याच्या टाकीला लटकलेली आग्यामोहोळे पाहिली असतीलच. त्या माश्या तुमच्याच फुलांवर काम करतात. आग्या माशी हंगामानुसार स्थलांतर करते आणि सातेरी (पेटीत पाळता येणारी देशी माशी) अडचण आली तर पेटी सोडून सरळ निघून जाते. सातेरीसाठी मेलिफेराचे आकडे वापरण्याचा मोह टाळावा, कारण तिची वसाहत लहान असते, ती कमी अंतरावर चरते आणि तिची कामकरी माशी मेलिफेराला लागणाऱ्या २१ दिवसांच्या आतच कोषातून बाहेर पडते. व्हरोआ कोळ्याचे तर मूळ यजमानच आशियाई माशी, म्हणजे आपली सातेरी; तिच्या वसाहतीत तो मुख्यतः नरांच्या कप्प्यांत वाढतो आणि म्हणून मेलिफेरात होतो तसा विध्वंस तिथे होत नाही.

उत्तर : संख्याशास्त्र_सोरेगाव

सरांनी माश्यांची बाजू मांडली आहे, मी गणिताची मांडतो. माझे मत स्पष्ट आहे : सुरुवात बीहेव्हपासून करू नका. त्यात इतके आकडे आहेत की उत्तर चुकले तर ते कोणत्या आकड्यामुळे चुकले हे शोधता शोधता तुमचे वर्ष संपेल.

ऑस्ट्रेलियातील खूरी, मायर्सकॉफ आणि बॅरन यांनी २०११ मध्ये केवळ दोन समीकरणांचे मॉडेल मांडले. माश्यांचे दोनच वर्ग : घरकाम करणाऱ्या आणि बाहेरकाम करणाऱ्या. कोषातून रोज नव्या माश्या घरकामात दाखल होतात. वसाहत मोठी असेल तर त्यांची संख्या कमाल मर्यादेच्या जवळ जाते आणि लहान असेल तर त्या कमी निघतात, कारण अळ्यांची निगा राखायला हात कमी पडतात. घरकामातील माश्या काही दराने बाहेरकामाला जातात, मात्र बाहेरकाम करणाऱ्या माश्या आधीच भरपूर असतील तर हा दर आपोआप दबतो आणि त्या मेल्या की वाढतो. मरण फक्त बाहेरकामात धरले आहे. मॉडेलचा सगळा कस त्या दबण्या-वाढण्यात आहे. बाहेरच्या माश्या मेल्या की घरातल्या कोवळ्या माश्या वेळेआधी बाहेर काढल्या जातात, मग घरात अळ्यांकडे पाहणारे कोणी उरत नाही, नव्या माश्या कमी निघतात आणि घसरण स्वतःच्याच वजनाने वाढत जाते. अशा अकाली बाहेर पडलेल्या माश्या कमी फेऱ्या करतात आणि लवकर मरतात, हे पेरी आणि सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर रेडिओ टॅग चिकटवून पुढे २०१५ मध्ये दाखवून दिले.

खूरी यांचेच आकडे घेऊन गणित करून पाहा : रोज निघणाऱ्या माश्यांची कमाल संख्या २०००, ही संख्या निम्म्यावर येते तेव्हाची वसाहत २७००० माश्यांची, बाहेरकामाला जाण्याचा कमाल दर ०.२५ आणि दबावाचा गुणक ०.७५. बाहेरकाम करणाऱ्या माश्यांचा दैनिक मृत्युदर ०.१ असेल, म्हणजे बाहेर पडल्यावर माशी सरासरी १० दिवस जगत असेल, तर वसाहत सुमारे ४४००० वर स्थिरावते. मृत्युदर ०.२ झाला तर ती १३६०० च्या आसपास येते, ०.३ ला जेमतेम ३२०० आणि ०.३५५ ला शून्य. उतार सरळ नाही, हे लक्षात घ्या. ०.१ पासून ०.२ पर्यंत वसाहत दोन तृतीयांशाहून अधिक आकसते, तरी पेटी वरवर जिवंत दिसते; नंतरच्या थोड्या वाढीने ती संपते.

आता तुमच्या कामाचा भाग. शून्यावर नेणारा हा मृत्युदर २००० या एकट्या आकड्यावर ठरत नाही, तो २००० आणि २७००० यांच्या गुणोत्तरावर ठरतो. राणीने अंडी कमी केली आणि २००० च्या जागी १००० माश्याच निघू लागल्या, बाकी सगळे तेच राहिले, तर धोक्याची मर्यादा ०.३५५ वरून थेट ०.१४ च्या आसपास उतरते. फेब्रुवारीत जी पेटी बाहेरच्या माश्यांची बरीच हानी सोसून उभी राहते, तीच पेटी मे महिन्यात त्याच्या निम्म्याहून कमी हानीत खलास होऊ शकते. फवारणीचे औषध किती विषारी, एवढेच विचारून भागत नाही. त्या दिवशी पेटीत रोज किती नव्या माश्या निघत होत्या, हेही विचारावे लागते.

एक इशारा देतो. वर दिलेले आकडे स्थिरावल्यानंतरचे आहेत आणि तिथवर पोहोचायला वसाहतीला जो काळ लागतो त्याच्या कितीतरी आधी तुमचा बहार संपलेला असतो. शिवाय फवारणी म्हणजे कायम वाढलेला मृत्युदर नव्हे, तो एका-दोन दिवसांचा घाव असतो. म्हणून स्थिरबिंदू काढून थांबू नका. दिवसागणिक आलेख काढा आणि एका दिवशी बाहेरच्या निम्म्या माश्या वजा केल्यावर पेटी किती आठवड्यांत सावरते ते पाहा.

उत्तर : कोडिंग_अक्कलकोट

मधमाश्यांवर आधारित 'आर्टिफिशियल बी कॉलनी' नावाचा अल्गोरिदम आहे आणि त्याचे तयार कोड मुबलक मिळतात. तो वापरला तर प्रकल्प लवकर पूर्ण होईल, असे मला वाटते.

उत्तर : संख्याशास्त्र_सोरेगाव

तो अल्गोरिदम दर्विश काराबोगा यांनी २००५ मध्ये मांडला आणि तो इष्टतम उत्तर शोधण्याची गणिती पद्धत आहे. माश्या फुले कशी शोधतात, ही कल्पना त्यात उसनी घेतली आहे; माश्यांच्या वसाहतीबद्दल तो काहीही सांगत नाही. मॉडेल तयार झाल्यावर त्यातील अज्ञात आकडे निरीक्षणांशी जुळवण्यासाठी तो वापरता येईल, पण मॉडेलच्या जागी तो चालणार नाही.

उत्तर : मधपाळ_माढा

मी पेट्या घेऊन फिरणारा माणूस आहे. करडई, सूर्यफूल, डाळिंब, मग जिथे फुलोरा असेल तिथे. वरची चर्चा वाचली, मुद्दे पटले, पण दोन-तीन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली ही, की भाड्याची पेटी एका जागी वर्षभर राहतच नाही. तुमच्या बागेत ती येते तेव्हा कुठल्यातरी आधीच्या पिकावरून आलेली असते. करडईवरून आलेली पेटी आणि साखरेच्या पाकावर कशीबशी तग धरलेली पेटी बाहेरून सारख्याच दिसतात. उघडल्यावर फरक कळतो. त्यामुळे मॉडेलमध्ये पहिल्या दिवसाचे आकडे पुस्तकातून घेऊन उपयोग नाही, पेटी उतरवली त्या दिवशी पोळ्यांच्या चौकटी उघडून घ्यावे लागतील. डाळिंबावर माश्यांना पराग चांगला मिळतो, पण मधाच्या साठ्यासाठी आम्ही त्याच्यावर विसंबत नाही. फक्त डाळिंबाचाच पट्टा असेल आणि बांधावर दुसरे काही फुलत नसेल, तर माशी तिथे काम करते खरी, पण पेटीचे वजन वाढत नाही. तुमच्या नकाशात बागेबरोबर शेजारची करडई, बांधावरचा शेवगा आणि ओढ्याकाठची झाडे भरली नाहीत, तर मॉडेलमधली माशी उपाशी मरेल आणि खरी माशी मात्र दोन किलोमीटरवर जाऊन पोट भरून येईल.

दुसरी गोष्ट फवारणीची. फवारणी सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर केली आणि औषध रात्रीत सुकले तर हानी पुष्कळ कमी होते, असा आमचा अनुभव आहे. सकाळी नऊला फुलावर पडलेले औषध आणि संध्याकाळी सातला पडलेले औषध, यांतला फरक तुमचे दिवसागणिक चालणारे मॉडेल कसे दाखवणार? पेट्या हलवायच्या तर त्या रात्रीच, दार बंद करून आणि पुरेशा लांब न्याव्या लागतात. थोड्याच अंतरावर नेल्या तर बाहेरच्या माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या जागेवर परत जातात आणि तिथेच घुटमळत मरतात. आपल्या भागात शेजाऱ्याची फवारणी हा तर सगळ्यांत मोठा प्रश्न. आपण सांभाळून फवारतो, पण बांधापलीकडचा कधी फवारणार हे ना आपल्याला कळते ना माशीला.

पेट्यांच्या संख्येचा हिशेब मॉडेलने सांगावा, याबद्दल मला शंकाच आहे.

प्रतिसाद : सांगोल्याची_बाग

सर्वांचे आभार. यावरून मी विषय पुढीलप्रमाणे आखला आहे. पेट्यांची संख्या हा प्रश्न मी सोडून देतो, कारण पेटीची ताकद कळली तरी डाळिंबात नर फुले किती, उभयलिंगी फुले किती आणि एका उभयलिंगी फुलावर माशीच्या किती भेटींनंतर फळ धरते, हा हिशेब वसाहतीच्या मॉडेलच्या बाहेरचा आहे. फवारणीचा प्रश्न मात्र ठेवतो : बहाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर एका दिवशी बाहेरच्या माश्यांची हानी झाली, तर पेटी कोणत्या परिस्थितीत सावरते आणि कोणत्या परिस्थितीत सावरत नाही. मॉडेल दोन समीकरणांचेच घेतो, त्यात सोलापूरचा फुलोऱ्याचा पंचांगवार तक्ता आणि तापमानाची वरची मर्यादा घालतो. फवारणीच्या वेळेसाठी दिवसाऐवजी तासाचा टप्पा घ्यावा, की सकाळची फवारणी आणि संध्याकाळची फवारणी यांना हानीचे वेगवेगळे आकडे द्यावेत?

दुसरी अडचण मोजमापाची आहे. रोज किती माश्या निघतात आणि किती मरतात, हे पेटीवर मोजायचे कसे?

उत्तर : निवृत्त_प्राणिशास्त्र

निघणाऱ्या माश्यांचे मोजमाप त्या मानाने सोपे आहे. मेलिफेराची कामकरी माशी झाकलेल्या कप्प्यात सुमारे १२ दिवस असते. म्हणून पेटीतले कामकऱ्यांचे झाकलेले कप्पे मोजून त्याला १२ ने भागले, की पुढच्या बारा दिवसांत रोज सरासरी किती माश्या निघतील ते कळते. कप्पे एकेक मोजायचे नसतात. चौकटीवर तारेची चौकोनी जाळी धरून झाकलेले क्षेत्रफळ काढावे. एका चौरस डेसिमीटरमध्ये एका बाजूला साधारण ४०० कप्पे बसतात. ३० चौरस डेसिमीटर भरले तर १२००० कप्पे, म्हणजे रोज सुमारे १००० माश्या. चौकटींचे दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन ठेवले तर घरी बसून शांतपणे मोजता येते आणि पेटी फार वेळ उघडी राहत नाही. प्रौढ माश्यांसाठी लँगस्ट्रॉथ प्रकारच्या पेटीची दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेली मोठी चौकट म्हणजे साधारण २००० माश्या, असा अंदाज धरतात. तो सकाळी लवकर, माश्या बाहेर पडण्याआधी घ्यावा.

मरणाचे मोजमाप अवघड, कारण बाहेरकाम करणारी माशी बहुधा पेटीपासून दूरच मरते. पेटीसमोर चादर पसरून मेलेल्या माश्या मोजल्या तर फवारणीचा दिवस ओळखू येतो, एकूण हानी मात्र कळत नाही. पराग घेऊन परतणाऱ्या माश्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन पुढचे काही दिवस दारावर त्यांतील किती दिसतात ते नोंदवावे. न दिसलेली प्रत्येक माशी मेलेलीच असते असे नाही, तेव्हा निघणारा आकडा मृत्युदराची वरची मर्यादा समजावा.

उत्तर : संख्याशास्त्र_सोरेगाव

तासाच्या टप्प्यात शिरू नका. सकाळ आणि संध्याकाळ यांना हानीचे वेगळे आकडे द्या आणि आकडा एकच न धरता १० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत फिरवून पाहा. मधपाळांनी सांगितलेली शेजाऱ्याची फवारणी त्यातच बसेल, बहाराच्या काळात कोणत्याही दिवशी अचानक येणारा घाव म्हणून. तिथे यदृच्छ (रँडम) संख्या वापराव्या लागतील, त्यामुळे प्रत्येक परिस्थिती शेकडो वेळा चालवा आणि सरासरीबरोबर फैलावही दाखवा.

सरांनी दिलेली झाकलेल्या कप्प्यांची युक्ती तुमच्या प्रकल्पात सर्वांत मोलाची का आहे, ते एका जुन्या वादावरून कळेल. २०१२ मध्ये फ्रान्समधील मिकाएल हेन्री आणि सहकाऱ्यांनी थायमेथोक्झाम या कीटकनाशकाचा अल्प डोस दिलेल्या माश्या पेटीकडे परतताना वाट चुकतात, हे रेडिओ टॅग लावून दाखवले. प्रयोग भक्कम होता. पुढे त्यांनी ही हानी खूरी यांच्या मॉडेलमध्ये घातली आणि वसाहती धोकादायक पातळीपर्यंत घसरतील असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी क्रेसवेल आणि थॉम्पसन यांनी आक्षेप घेतला, की मॉडेलमध्ये नव्या माश्या निघण्याचा वेग फारच कमी धरला आहे. मोहरीवर्गीय पिकाच्या फुलोऱ्यात, वसंतातील वाढत्या वसाहतीचा वेग धरला तर तीच हानी भरून निघते आणि घसरण दिसत नाही. मॉडेल तेच आणि विषही तेच असताना एका आकड्याने निष्कर्ष फिरला. तो आकडा तुम्हाला चौकट उघडून मोजता येतो, मग तो गृहीत धरण्याचे कारण नाही.

कीटकनाशकाचा विषय असल्याने पुढेमागे बीहेव्हकडे वळालच, म्हणून हेही सांगून ठेवतो. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये ते मॉडेल तपासले तेव्हा वसाहतीचे चढउतार ते चांगले दाखवते असे मान्य केले, पण कीटकनाशकाचा भाग नसल्यामुळे नियमनासाठी ते त्या रूपात पुरेसे नाही, असेही म्हटले.

ज्या पेट्यांवरून आकडे जुळवाल, त्यांवरच मॉडेल तपासू नका. आणलेल्या पेट्यांपैकी दोन बाजूला ठेवा, त्यांच्या नोंदी शेवटपर्यंत मॉडेलला दाखवू नका आणि बहार उतरल्यावर मॉडेलचा अंदाज त्यांच्याशी ताडून पाहा. बागेला पाणी सोडण्याआधीच नोंदवही तयार ठेवा. एकदा कळी निघाली की घरात कोणालाच चौकटी मोजायला सवड मिळणार नाही.

उत्तर : मधपाळ_माढा

चौकटी उघडायच्या असतील तर पेटीच्या मालकाला आधी विचारा, तो हजर असेल तेव्हाच उघडा आणि राणी कोणत्या चौकटीवर आहे ते पाहून मगच पुढची चौकट उचला. मोजमाप करताना राणी दबून मेली तर त्या पेटीच्या सगळ्याच नोंदी वाया जातील, आणि मालक पुढच्या वर्षी पेट्या देणार नाही तो भाग वेगळाच.